मामाजी फॉर्मॅट झाले

कोणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी खी-खी केलं की माझा धागा तुटतो. आणि खरं सांगतो, हे सांगताना मला अजूनही हसू येत नाही, घाम येतो. कारण मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांना पुसून टाकलं होतं. हो, पुसून! पाटी पुसतात तसं. आणि वरून बायकोला सांगितलं, "काही नाही, थोडं मेंटेनन्स चालू हाय."

त्याचं असं झालं. आमच्या टीव्हीखाली एक जुना डबा आहे. सेट-टॉप बॉक्सच, पण रेकॉर्डिंगवाला. त्याच्या पोटात हार्ड डिस्क. नवा आणला तेव्हा बालाघाटात आमच्या वार्डात तरी असा डबा दुसऱ्या कोणाकडे नव्हता. मी चालू मॅच थांबवायचो, आत जाऊन चहा घेऊन यायचो आणि मग पुढं चालू करायचो. शेजारचे लोक बॉलरला हवेत लटकलेला पाहून माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच त्याला धरून ठेवलंय!

आता त्या डब्यात काय-काय होतं? माझ्या मॅची होत्या. माझ्या बायकोच्या, वंदनाच्या, मालिका होत्या. आणि मामाजी होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. राहतात लामत्याला, धानाची शेती. एकदा टीव्हीवाले त्यांच्या बांधावर आले आणि चिन्नोर तांदळावर त्यांची मुलाखत घेऊन गेले. शेतीच्या कार्यक्रमात ती आली. मामाजींनी नवा कुर्ता घातलेला, मागं धानाचं वावर, आणि हिंदीत असं काही बोलले की ऐकत राहावं. "चिन्नोर के खेत में आना है ना, तो पहले नाक लेकर आइए, आँख बाद में!" हे त्यांचं वाक्य. मुलाखतीच्या मधोमध मागून सासूबाई डोक्यावर टोपलं घेऊन जातात आणि जाता-जाता थेट कॅमेऱ्यात बघतात. त्यावरून दोघांचं भांडण आजही चालू आहे.

ती मुलाखत जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या डब्यात. परत कधी दाखवली नाही, कोणी मोबाईलवर घेतली नाही. त्यामुळं सासरी माझा मान काय विचारता! मुलाखत देणाऱ्यापेक्षा ती सांभाळणारा मोठा.

तर, एक दिवस डब्यानं सांगितलं, जागा संपली. वंदना म्हणाली, "तुमच्या त्या जुन्या मॅची काढून टाका. कोण जिंकलं ते माहीत हाय ना तुमाले?"

"तुह्या मालिकेत शेवटी काय होते ते तुले माहीत नाही काय?"

"नाही माहीत! ते अजून संपलीच नाही!"

पण मॅची काढायला माझा जीव होईना. आणि इथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. जागा कमी आहे ना? मग जागाच वाढवू. जुनी डिस्क काढू, मोठी टाकू. त्यात काय एवढं?

आता तुम्ही विचाराल, तुला ह्यातलं काय कळतं? मी राईस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. बोऱ्यांचे आकडे टाकतो. एवढ्या भांडवलावर आमच्या वार्डात मी इंजिनिअर आहे. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा पासवर्ड हरवला, की "सुधाकरभाऊले बोलवा." मी जातो, मशीन बंद करतो, परत चालू करतो. दहातली नऊ कामं तेवढ्यानंच होतात. दहाव्याला मी म्हणतो, "कंपनीतूनच फॉल्ट हाय."

शिवाय मला नंदेश्वर होता. नंदेश्वर माझा मिलमधला दोस्त. त्याला माझ्याइतकंच कळतं, पण बोलतो दुपटीनं. म्हणाला, "अबे, सीधा काम हाय. दोन्ही डिस्क कॉम्प्युटरले जोड. जुनीतला माल नवीत कॉपी मार. नवी डब्यात टाक. खेल खतम!"

खेळ खरंच खतम झाला म्हणा. पण ऐका.

रविवारी दुपारी वंदना शेजारी गेली होती. मी डबा खाली घेतला, स्क्रू काढले. आत इतकी धूळ की त्यात धान पेरता आलं असतं! डिस्क काढली. नवीच्या शेजारी ठेवली. दोघी काळ्या, दोघी चपट्या, जुळ्या बहिणी. खूण करून ठेवावी असा एक विचार आला होता. पण मी स्वतःला म्हटलं, एवढं काय लक्षात राहत नाही?

दोघींना वायर लावून कॉम्प्युटरला जोडलं. लगेच पडद्यावर पाटी आली. ही डिस्क वाचता येत नाही, वापरायची तर फॉर्मॅट करावी लागेल, करू काय? बरोबर आहे, नवी आहे, कोरी आहे. मी दाबलं, हौ.

झालं. पाटी गेली. आणि परत तीच पाटी आली!

आता मला सांगा, माणसाला चीड येणार की नाही? एकदा सांगितलं ना हौ म्हणून? किती वेळा विचारशील? ऑफिसातही असंच. एक चिठ्ठी छापायची तर हा कॉम्प्युटर मला तीनदा विचारतो, नक्की काय, नक्की काय. मी चिडून म्हणालो, "अरे हौ रे बाबा, हौ, हौ!" आणि दाबलं.

पहिली पाटी नवीची होती. दुसरी जुनीची.

डब्याची लिहिण्याची पद्धत वेगळी, ती कॉम्प्युटरला वाचता येत नाही. म्हणून त्यानं जुनीबद्दलही तेच विचारलं होतं. बिचाऱ्यानं इमानदारीत विचारलं होतं! पण हे मला कळलं केव्हा? कॉपी मारून झाल्यावर. कॉपी इतक्या झटपट झाली की मी स्वतःचीच पाठ थोपटली. कोऱ्यावरून कोऱ्यावर माल न्यायला वेळ कितीक लागणार?

नवी डिस्क डब्यात टाकली. टीव्ही लावला. रेकॉर्डिंग एकही नाही.

जुनी परत टाकली. रेकॉर्डिंग एकही नाही.

डबा पुसला, वायर पुसली, रिमोटचे सेल बदलले. अहो, माणूस घाबरला की काय करेल सांगता येत नाही, मी टीव्हीचा पडदासुद्धा ओल्या फडक्यानं पुसला. एकही नाही! मॅची गेल्या. मालिका गेल्या. चिन्नोर गेला. कुर्ता, नाक, टोपलं, सगळं गेलं.

तेवढ्यात वंदना आली. "डबा काहून खोलला?"

"काही नाही, थोडं मेंटेनन्स चालू हाय. गरम होऊन राह्यलता. थोडा आराम देऊन राह्यलो."

"बरं झालं. पुढच्या रविवारी बाबूजी येऊन राह्यले. दिलीप न त्याची बायको पण हाय संगं. तिले बाबूजीचा टीव्हीवाला कार्यक्रम दाखवाचा हाय म्हणते."

दिलीप म्हणजे माझा साळा. नुकतंच लग्न झालेलं. बायको बिरसा गावची, मराठी समजते पण बोलते हिंदीत. मामाजींनी म्हणे लग्नाच्या मांडवातच तिला सांगितलं होतं, "बहू, बालाघाट चलेंगे, जवाई के यहाँ, फिर देखना तेरा ससुर कौन है!"

माझी झोप उडाली. जेवण उडालं. मी ताटावर बसलो की समोर भातच यायचा! भात पाहिला की मामाजी दिसायचे.

शेवटी एका सकाळी मागच्या अंगणात जाऊन नंदेश्वरला फोन लावला. आता ह्या फोनकडे नीट लक्ष द्या, कारण वंदना भिंतीपलीकडे कपडे वाळू घालत होती आणि तिला फक्त माझाच आवाज येत होता. मी काय बोललो?

"नंदेश्वर, मेमरी गेली यार. पूरी साफ! ... नाही रे, काही नाही राह्यलं. मामाजी तर बिलकुलच नाही. मामीजी पण गेल्या. ... वंदनाले अजून काही सांगतलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू? ... नागपूरले न्या लागते म्हणतं? उघडून पाहतात? ... हौ, पण उघडून काही निघालं नाही तर?"

अर्धे कपडे बादलीत तसेच राहिले आणि वंदना आत पळाली. मला पत्ताच नाही!

तिच्या बाजूनं बघा म्हणा. त्याच आठवड्यात मी गॅसवर दूध ठेवून विसरलो होतो. तिनं हाक मारली की मी दचकायचो. जेवता-जेवता हात हवेत थांबायचा. तिनं सगळं जोडलं आणि लामत्याला फोन केला. रडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर फाटकाशी ऑटो. आतून मामाजी, सासूबाई, दिलीप आणि नवी सून. रविवार नव्हता! मला वाटलं, संपलं. ह्यांना कळलं. वंदनानं डब्याचं सांगून टाकलं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी हात जोडून उभा राहिलो.

मामाजी आत आले. चप्पलसुद्धा काढली नाही. माझ्यासमोर उभे राहिले, माझे दोन्ही खांदे धरले आणि अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, "जवाईबुवा, ओळखलं काय मले?"

मला वाटलं, टोमणा! "मामाजी, असं काहून म्हणता? ओळखतो ना. पण ... पण तुमी गेले, मामाजी. पुसल्या गेले."

"मी?"

"हौ. तुमी, मामीजी, सगळेच. एक बटण दाबलं अन् साफ."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामाजी म्हणाले, "कधी झालं हे?"

"रविवारी दुपारी."

"एकदम?"

"एकदम. मले समजलंच नाही. मी तर हौ हौ म्हणत राह्यलो."

"मंग काहीच नाही राह्यलं?"

"काहीच नाही. मॅची पण गेल्या."

"क्रिकेट पण!" सासूबाईंना हुंदका आवरेना. त्यांच्या मते क्रिकेट गेलं म्हणजे माझ्यात काही उरलंच नाही.

दिलीप पुढं आला. "जीजाजी, किसी को दिखाया क्या?"

"नंदेश्वरले विचारलं. तो म्हणते, नागपूरले नेऊन उघडा लागते. तिकडे बिनधुळीची खोली राह्यते म्हणते, तिथं उघडतात. पण उघडलं तरी त्याच्यात लॉक राह्यते. काही निघन ह्याची ग्यारंटी नाही."

"हे भगवान!" असं नवी सून म्हणाली आणि तिनं दिलीपचा हात धरला.

"मंग नंदेश्वर काय म्हणते, कराचं काय?" मामाजींनी माझे खांदे आणखी घट्ट धरले.

"तो म्हणते, जुन्यावर खर्च कराले काही अर्थ नाही. जुना फेकून द्या न नवाच आणा."

मामाजींनी माझे खांदे सोडले. वंदनाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. "नवा ... जवाई?"

"नवा डबा, मामाजी!"

बाहेर ऑटोवाला वाट बघत गुणगुणत होता.

वंदना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांबा. कायची मेमरी गेली?"

"डब्याची! आनखीन कायची?"

"तुमची नाही?"

"माही? माही कायले जाईन?"

आता तुम्हाला वाटेल, सगळे खूश झाले असतील. झाले ना! सासूबाईंनी माझी दृष्ट काढायला हात वर केला. पण हात अर्ध्यावर असतानाच त्यांना बाकीचं समजलं. मामाजींना त्यांच्याही आधी समजलं. ते खुर्चीवर बसले. चप्पल काढली, पायापाशी ठेवली. मी त्या चपलेकडेच बघत होतो.

"म्हणजे तुमच्या डोक्याले काही झालं नाही."

"नाही, मामाजी."

"पक्कं?"

"पक्कं."

तर सासूबाई अगदी भोळेपणानं म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर होतं, तर मंग हे केलं कसं?"

ह्याचं उत्तर असेल कोणाकडे तर मला द्या. मी आजही शोधतोय.

वंदनानं पोहे केले, मामाजींनी ताट सरकवलं. चहा केला, तो गार झाला. रागावले असते, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ते नुसते त्या बंद टीव्हीकडे बघत बसले. मोठ्या मिशीचा, दांडगा माणूस, आणि असा बसला जसं कोणी त्याचं वावरच उचलून नेलं. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोंडी फोडली ती नव्या सुनेनं. म्हणाली, "पापाजी, टीव्ही में क्या बोला था आपने? ऐसे ही बता दीजिए ना."

"ऐसे कैसे बताएँ, बहू? वो टीव्ही का बात था."

"पर आपको याद तो होगा?"

याद! मामाजींना? त्यांनी ती मुलाखत इतक्यांदा बघितली होती की प्रश्न विचारणाऱ्या पोराचा खोकलासुद्धा पाठ होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "याद तो है," म्हणाले.

मी उडीच मारली. "मामाजी! आपण नवी घेऊ ना रेकॉर्डिंग! माह्या मोबाईलवर. टीव्हीपेक्षा साफ येते. अंगणात चला, उजेड बढ़िया हाय."

वंदना म्हणाली, "तुमी नका घेऊ. दिलीपले घेऊ द्या."

मला लागलं ते. "काहून? मोबाईल चालवता येत नाही काय मले? एक लाल बटण असते!"

सगळे अंगणात आले. मामाजींनी दिलीपचा इस्त्रीचा शर्ट घातला, तो पोटावर ताणला गेला होता. दिलीप झाला विचारणारा. सासूबाईंनी विचारलं, "मी जाऊ काय मागून?" मामाजी म्हणाले, "जा. पण कॅमेऱ्यात पाहू नको." टोपलं नव्हतं, तर कपड्यांची बादली घेतली त्यांनी.

ऊन थेट पडद्यावर. मोबाईलमध्ये मला मामाजी दिसत होते, बाकी बारीक-सारीक काही दिसत नव्हतं. मी बटण दाबलं. "चला, मामाजी!"

आणि काय बोलले हो मामाजी! टीव्हीवर बोलले होते त्याच्या दुप्पट. धानाची रोवणी आली, पाणी आलं, वास आला. टीव्हीवाल्यांनी कापलेलं होतं तेही आलं. "पहले नाक लेकर आइए!" म्हणाले तेव्हा नवी सून टाळ्या वाजवत होती. भिंतीवरून शेजारी डोकावले. ऑटोवाला आत येऊन उभा राहिला. बरोबर मधोमध सासूबाई बादली घेऊन मागून गेल्या, आणि जाता-जाता थांबून, अगदी मान वळवून कॅमेऱ्यात बघितलं! मामाजी बोलता-बोलता म्हणाले, "देखिए, ये नहीं सुधरेगी," आणि पुढं चालू.

संपलं तेव्हा मामाजींचे डोळे चमकत होते. मी लाल बटण दाबलं, बंद केलं आणि मोबाईल खिशात टाकला. मामाजींनी मला जवळ घेतलं, हो, जवळ घेतलं! म्हणाले, "जवाईबुवा, जे होते ते चांगल्यासाठी होते." पोहे परत गरम झाले. मामाजींनी दोनदा घेतले.

मग सगळे टीव्हीसमोर बसावं तसे पलंगावर, जमिनीवर दाटीवाटीनं बसले. नव्या सुनेनं माझा मोबाईल घेतला. व्हिडिओ लावला. बघितलं. कपाळाला आठी पडली.

"जीजाजी," ती म्हणाली, "इसमें पापाजी नहीं हैं।"

"मागं घे, सुरुवातीपासून लाव."

"ये शुरू से ही है। इसमें तो आप हैं। और फिर पूरा अंधेरा।"

अहो, मी पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा ते लागलंच नव्हतं. आणि बंद करायला दाबलं, तेव्हा चालू झालं. खिशात जाईपर्यंत जेवढा मी त्याच्यासमोर होतो, तेवढा मी आलो होतो. खालून. हनुवटी, नाकपुड्या, गालावर वाळलेला साबण. आणि आवाज एकदम साफ.

मी मामाजींच्या पायापाशी बघत होतो. चप्पल तिथंच होती.

मामाजींनी चष्मा लावला. मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग सुनेकडे देऊन म्हणाले, "बहू, आवाज़ बढ़ाओ."

तिनं आवाज वाढवला. आणि साऱ्या घरादारासमोर, शेजाऱ्यांसमोर, ऑटोवाल्यासमोर, माझी हनुवटी छाती फुगवून बोलली:

"पाह्यलं, मामाजी? मशीन सुधाकरच्या हाती दिली ना, की काळजीच सोडून द्याची!"